गाडी ॲव्हरेज देत नाही

माझ्या गॅरेजात येऊन माझं डोकं सगळ्यात जास्त कुणी खाल्लं असेल, तर ते चेस्टर गोर्स्कीनं. तीस वर्षं मी चीकटोवागा ह्या आमच्या बर्फाळ गावात गाड्या दुरुस्त करतोय. बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकतात त्या मिठानं तळ खाऊन टाकलेल्या गाड्या आल्या, तुटलेला सायलेन्सर काखेत मारून माणसं आली, एका बाईच्या गाडीच्या बोनेटखाली तर मांजर व्यायलेलं निघालं. पण एक आकडा घेऊन पाच महिने माझ्या दारात उभा राहिलेला माणूस एकच. त्याला तिथं उभं करण्यात माझाही हात होता, म्हणून सांगतोय. नाहीतर लोकांच्या घरातलं चव्हाट्यावर आणायची मला हौस नाही.

चेस्टर एकतीस वर्षं ॲक्सलच्या कारखान्यात मापं तपासायला होता. तयार झालेला तुकडा त्याच्या हातात यायचा आणि केसाएवढा फरक निघाला तरी तो बाजूला जायचा. वरचा साहेब ‘चालतंय रे, जाऊ दे’ म्हणाला तरी ह्याचं नाही म्हणजे नाही. कारखान्याच्या आवाजात कान गेले, मान मात्र ताठच राहिली. घरीसुद्धा तेच. बायकोनं पिरोगी, म्हणजे आमच्या पोलिश उकडलेल्या करंज्या, उकळत्या पाण्यात सोडल्या की हा घड्याळ घेऊन शेगडीशी उभा. लोरेन म्हणायची, लग्नाच्या वेळी ह्यानं माझं माप घेऊन मला परत पाठवलं नाही, हेच नशीब.

लोरेन म्हणजे त्याच्या अगदी उलट. शाळेच्या जेवणघरात जन्म गेला तिचा. पोरांना वाढताना पळी कधी सपाट भरली नाही, शीग लावूनच. मोठ्यानं हसायची, मोठ्यानं भांडायची आणि दुसऱ्या दिवशी काही झालंच नाही अशी केक घेऊन यायची. गेल्या ऑगस्टात तिच्या दोन्ही किडन्यांनी राम म्हटला. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झालं. दर खेपेला चार तास. सेंटर घरापासून चार मैलांवर.

त्यात सप्टेंबरात चेस्टरची जुनी गाडी गेली. मीच तिला लिफ्टवर घेतली आणि खालून स्क्रू-ड्रायव्हर टोचला, तर तो आरपार गेला. बावीस वर्षांचं मीठ. मी म्हटलं, बाबा, हिला आता रस्त्यावर नेऊ नकोस, अर्धी गाडी पंपावर राहील आणि अर्धी घरी येईल. ती गाडी गॅलनला चौदा मैल द्यायची आणि त्याबद्दल चेस्टरनं जन्मात तक्रार केली नव्हती, हे लक्षात ठेवा. पेट्रोलच्या पैशाचं त्याला काही नव्हतं.

आता दुसरी गाडी लगेच हवी. तेव्हा लोरेनचा धाकटा भाऊ नॉर्बर्ट पुढं आला. नॉर्ब विम्याचा एजंट. बोलायला लागला की समोरच्यानं मान डोलवायची, एवढंच काम. त्यानं स्वतःला नवी गाडी घेतली होती आणि जुनी हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हींवर चालणारी, दारात उभी होती. ती त्यानं बाजारभावापेक्षा बऱ्याच कमीत मेहुण्याला दिली आणि देताना म्हणाला, “गावातल्या गावात गॅलनला अठ्ठेचाळीस मैल देते. मोजून घे.”

कुणाला काय सांगावं, हेसुद्धा माणसाला कळायला हवं. ‘मोजून घे’ म्हणे, आणि तेही चेस्टर गोर्स्कीला!

पहिल्या टाकीला एकतीस मैल पडले. चेस्टर गाडी घेऊन माझ्याकडे आला. चेहरा असा, की एखादा तुकडा चुकीच्या मापाचा निघालाय. मी मशीन लावलं, काही दोष नाही. टायरची हवा बघितली, एअर फिल्टर बदलला. दोन आठवड्यांनी सव्वीस. मी प्लग बदलले. ब्रेक कुठं घासतायत का पाहिलं, नव्हते घासत. घोडं कुठं पेंड खातंय तेच कळेना. मी विचारलं, दिवसाला किती मैल होतात? तो म्हणाला, सेंटरला चार जायचे, चार यायचे, चर्च, किराणा. उभी असताना चालू ठेवतोस का, तेही विचारलं. म्हणाला, निघायच्या आधी तापवतो, सगळे तापवतात तशी. बरोबर होतं त्याचं. आमच्याकडं ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत सकाळी गाडी चालू करायची, परत घरात जायचं, कॉफी प्यायची, मग निघायचं. मीही तेच करतो. त्याला गाडी चालवणं कुणी म्हणत नाही. मीही म्हटलं नाही आणि तो विषय तिथं संपवला.

मग त्यानं विचारलं, हिची ती मोठी बॅटरी गेली असेल का?

आता माझं काय ते सांगतो. ती बॅटरी नीट तपासायचं यंत्र माझ्याकडं नव्हतं. सरळ सांगायला हवं होतं, की कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा, तासाभरात कळेल. पण हातचं गिऱ्हाईक तिकडं कोण पाठवतो? आणि दुसरं म्हणजे नॉर्ब. बारा वर्षं ती गाडी त्याच्याकडं होती. माझं गॅरेज त्याच्या घरापासून दोन चौकांवर, आणि गडी दर वेळी तेल बदलायला कंपनीच्या सेंटरला जायचा. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये तळलेला मासा खायला शेजारी बसायचा आणि म्हणायचा, तुझ्या हाताला त्या नव्या गाड्यांची सवय नसणार. तेही हसत हसत. ते माझ्या पोटात होतं.

म्हणून मी चेस्टरला म्हणालो, “असेल गेली. आणि हे बघ, विकणाऱ्याला माहीत असतंच असतं.”

जिभेला हाड नसतं म्हणतात ते खोटं नाही. हे वाक्य मी का बोललो, ते चेस्टरला मी आजवर सांगितलेलं नाही.

नोव्हेंबरात एका रविवारी लोरेननं नॉर्बला जेवायला बोलावलं होतं, तिथं चेस्टरनं विषय काढला. नंतर लोरेनच मला सांगत होती. चेस्टर म्हणाला, बॅटरी मेलेली गाडी तू माझ्या गळ्यात मारलीस. नॉर्ब आधी हसला. मग म्हणाला, माझ्याकडं एक टाकी चालवायला दे, अठ्ठेचाळीस काढून दाखवतो. चेस्टर म्हणाला, तू हायवेला पळवशील आणि आकडा आणून तोंडावर फेकशील. मग नॉर्बही चिडला आणि म्हणाला, मग तू आधी गाडी चालवायला शिक. एकतीस वर्षं माप ज्याच्या शब्दावर ठरलं, त्याला हे सांगितलं, तेही त्याच्याच टेबलावर बसून. चेस्टरनं नॉर्बचा कोट आणून त्याच्या मांडीवर ठेवला.

तोवर दर शनिवारी लोरेनला डायलिसिसला नॉर्ब न्यायचा. बहीण-भाऊ गाडीत गप्पा मारायचे, येताना तो तिला डोनट घेऊन द्यायचा, जो तिला खायची परवानगी नव्हती. ते बंद झालं. चेस्टरनं जाहीर केलं, त्या माणसाच्या गाडीत माझी बायको बसणार नाही. तिन्ही दिवस मी नेईन. लोरेन म्हणाली, अरे, तो माझा भाऊ आहे. चेस्टर म्हणाला, म्हणूनच जास्त वाईट.

आणि झालं काय, की त्यानंतर आकडा आणखी घसरला. डिसेंबरात बावीस. चेस्टर माझ्याकडं आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चक्क समाधान होतं. बघ, म्हणाला, बॅटरी मरत चाललीय, मी म्हणत होतो की नाही? मी म्हटलं, थंडीनं थोडं कमी होतंच. तो म्हणाला, अर्ध्यावर येत नाही. खरं होतं तेही. नवी बॅटरी घालायची तर त्याची ऐपत होती. पण नाही घालायची. नॉर्बनं आधी कबूल करायचं. सुंभ जळेल पण पीळ जाणार नाही, अशातली गत.

नाताळच्या आदल्या संध्याकाळी मी दर वर्षी त्यांच्याकडं असतो. माझी बायको मला सोडून फ्लोरिडाला गेली त्या वर्षापासून लोरेन मला एकटं राहू देत नाही. त्या संध्याकाळी आमच्या पोलिश घरांत मांस नसतं. बीटचं सार, मासा, पिरोगी. आभाळात पहिली चांदणी दिसली की बसायचं. आधी चर्चमधून आणलेली कागदासारखी पांढरी पोळी एकमेकांच्या हातातून मोडून खायची, आणि ती मोडताना वर्षभराचं जे काही मनात असेल ते सोडून द्यायचं. टेबलावर एक ताट जास्तीचं मांडतात. कुणी वाट चुकलेला, अवचित आलेला माणूस दारात उभा राहिला तर त्याला परत पाठवायचं नाही, म्हणून.

मला नॉर्बच्या खुर्चीवर बसवलं होतं. मी बसलो, काय करणार? लोरेन खूप वाळली होती, स्वेटरवर स्वेटर घातलेले, तरी हात गार. सार वाढून झालं आणि दाराची घंटा वाजली. चेस्टर उठला. बाहेर नॉर्ब उभा, खांद्यावर बर्फ, हातात त्या पोळीचं पाकीट.

चेस्टरनं दार पूर्ण उघडलं नाही. म्हणाला, गाडीत खोट होती एवढं म्हण आणि आत ये. नॉर्बनं तोंड उघडलं, आत बसलेल्या लोरेनकडं बघितलं आणि पुन्हा मिटलं. गडी कधी गप्प बसायचा नाही, पण त्या दिवशी मिठाची गुळणी धरल्यासारखा उभा होता. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

लोरेन जागची उठू शकली नाही. तिथूनच म्हणाली, “चेस्टर, ते ताट मग कुणासाठी मांडलंय?”

चेस्टर म्हणाला, “ज्यानं फसवलं त्याच्यासाठी नाही.”

नॉर्बनं पाकीट पायरीच्या कठड्यावर ठेवलं आणि गेला. चेस्टरनं दार लावलं. आम्ही जेवलो. लोरेननं माझ्या हातातल्या पोळीचा तुकडा मोडला, चेस्टरच्या हातातला मोडला, आणि मग एक तुकडा हातात धरून बसून राहिली. मी तेव्हा उठून बाहेर जायला हवं होतं, त्या माणसाला हाताला धरून आणायला हवं होतं. मी पिरोगी खात होतो.

जानेवारीत ॲव्हरेज एकोणीसवर आलं. लोरेनही खाली खाली जात होती. एकदा चेस्टर तेल बदलायला आला तेव्हा ती गाडीत होती. मी काचेपाशी गेलो, तर म्हणाली, नॉर्ब शेजारी येऊन बसल्याला दोन महिने होत आले. मी म्हटलं, चेस्टरला समजव. ती हसली नुसती. म्हणाली, त्याला कुणी समजावलंय? गाडी आतून भट्टीसारखी तापलेली होती आणि तरी ती कुडकुडत होती.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या गुरुवारी डायलिसिसच्या खुर्चीतच तिचं हृदय थांबलं. चेस्टर बाहेर गाडीत होता. नर्सनं येऊन काचेवर टकटक केलं.

अंत्यविधीला नॉर्ब चर्चच्या शेवटच्या बाकावर बसला. सख्खा भाऊ, आणि शेवटच्या बाकावर. शवपेटी उचलायला सहावा माणूस कमी पडत होता, तरी चेस्टरनं त्याच्याकडं बघितलं नाही. मला हाक मारली. मी उचलली.

मार्चच्या मध्यावर चेस्टर पुन्हा गॅरेजात आला. गावाजवळच्या मोठ्या तळ्यावरून येणारा वारा तसाच कापत होता, रस्त्याच्या कडेला बर्फाचे काळे ढीग तसेच. त्याच्या हातात पंपाची पावती होती. म्हणाला, टाकी भरली. चव्वेचाळीस पडले.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. मी विचारलं, बॅटरी बदललीस? नाही. हायवेला नेलीस? नाही, स्मशानभूमी, चर्च, किराणा, सगळं गावातलंच. मग त्यानंच मला विचारलं, तू काय केलंस गाडीला? मी काहीच केलं नव्हतं. थंडी तीच, गाडी तीच, चालवणारा तोच.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात तो प्रश्न आला. पाच महिने मी त्याला मैल विचारत होतो, तास कधी विचारलेच नव्हते. मी म्हटलं, “लोरेन आत असायची तेव्हा तू कुठं थांबायचास?”

“गाडीत.”

“चार तास?”

“मग कुठं? आत त्या सुया, त्या नळ्या. मला बघवत नव्हतं.” पुढं म्हणाला, “ती बाहेर यायची ती गारठून. रक्त सगळं बाहेर काढून परत घालतात ना, हाडांपर्यंत थंडी भरायची तिच्या. सीट गरम लागायची तिला. मी हीटर बंद होऊ द्यायचो नाही.”

“आणि इंजिन?”

“हीटर काय फुंकर मारून चालतो?” तो चिडून म्हणाला, आणि तोंड तसंच उघडं राहिलं.

मला काही सांगावं लागलं नाही. तो आयुष्यभर मोजत आलेला माणूस. चार तास गुणिले तीन, शिवाय सकाळचं तापवणं. नॉर्ब शनिवारी न्यायचा तेव्हा दोन दिवस, त्याला काढल्यावर तीन. आकडा तिथूनच खाली आलेला. त्याच्या ओठांची हालचाल मला दिसत होती. हिशेब झाला तसा तो माझ्या टायरच्या ढिगावर खाली बसला आणि म्हणाला, “उगाच नव्हतो रे जाळत.” मी म्हटलं, नाही. दुसरं काय म्हणणार?

मग त्यानं तिथूनच नॉर्बला फोन लावला. ऐकू कमी येतं म्हणून तो नेहमी स्पीकरवर बोलतो, त्यामुळं सगळं माझ्या कानांवर पडलं. चेस्टरनं आढेवेढे घेतले नाहीत. म्हणाला, गाडीत खोट नव्हती, माझं चुकलं, इंजिन मीच चालू ठेवत होतो.

नॉर्ब म्हणाला, “माहीत आहे मला.”

चेस्टरला कळेना. नॉर्ब सावकाश बोलत होता, एजंटासारखा मुळीच नाही. म्हणाला, “तिच्या खुर्चीसमोर खिडकी होती, चेस्टर. चार तास तुझ्या गाडीचा धूर दिसायचा तिला. शनिवारी खुर्चीतून मला फोन करायची, तेव्हा सहज बोलून गेली. डिसेंबरच्या सुरुवातीची गोष्ट. मी म्हटलं, अगं, मग सांग की त्या गाढवाला, मिटलं भांडण. तर म्हणाली, खबरदार. त्याला कळलं तर तो इंजिन बंद करून बसेल. आकडा जुळावा म्हणून त्या थंडीत चार तास गोठत बसेल, पण आत येणार नाही. माझ्याकडून वचन घेतलं तिनं.”

चेस्टर म्हणाला, “नाताळला दारात आला होतास. तेव्हा तरी बोलायचंस.”

“वचन तिला दिलं होतं, तुला नव्हतं. आता ती नाही, म्हणून सांगितलं. पुन्हा फोन करू नकोस.”

फोन बंद झाला. चेस्टरनं तो खिशात घातला, पहिल्या खेपेला खिसाच सापडला नाही. पलीकडं लिफ्टवर कुणाची तरी गाडी अर्धी उघडी लटकत होती आणि मला कामाला जायचं होतं, पण पाय निघेना. त्यानं मान वर केली.

“मी खरंच बंद केलं असतं का रे?” त्यानं विचारलं.

खोटं बोलायची संधी होती. त्या घराशी मी आधीच पुष्कळ खोटं वागलो होतो, आणखी एकानं काय बिघडणार होतं? पण समोर तो मापं तपासणारा माणूस बसला होता.

“हो,” मी म्हटलं.

त्यानं मान हलवली. “केलं असतं,” तो म्हणाला.